आजीची वही, शाळेतला सर्व्हर आणि तंत्रस्नेही सरांची बदली



तंत्रस्नेही शिक्षकाची बदली झाली की शाळेच्या संगणक कक्षाचं काय होतं, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. पासवर्ड सरांच्या डोक्यात. कोणती वायर कुठे जोडली, कोणती फाइल कोणत्या संगणकात ठेवली, हे फक्त त्यांना ठाऊक. पहिला महिना त्यांना फोन करण्यात जातो. मग फोन कमी होतात, मग एक संगणक बंद पडतो, मग दुसरा, आणि शेवटी कक्षाला कुलूप लागतं. सर हुशार होते, मनापासून काम करणारे होते. फक्त त्यांनी केलेलं काम कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

स्वयंपाकघरातही हेच घडतं. आजी गेली की तिचा गोडा मसाला गेला. "किती घालायचं?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "अंदाजाने घाल." तो अंदाज पन्नास वर्षांच्या हाताचा असतो, तो आपल्याला कुठून येणार? हल्ली पाककृती फोनमध्ये असतात म्हणे. म्हणजे कुठे? कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली गाडलेल्या. फोन बदलला की त्याही गेल्या.

म्हणून मी एक प्रकल्प सुचवते. आठवी ते दहावीच्या मुलांना संगणक शिकवताना घरोघरच्या पाककृती साठवणारं एक अ‍ॅप शाळेतच चालवायला द्यावं. बाहेरच्या कंपनीच्या जागेवर नको. कक्षात पडून असलेल्या दोन-तीन जुन्या संगणकांवर, शाळेच्याच नेटवर्कमध्ये. आणि तेही ज्याला 'कंटेनर क्लस्टर' म्हणतात त्यावर. नाव ऐकून घाबरू नका. 'चालू कसं करायचं' हे मुलं आपल्याआधी शिकतात. 'बंद पडल्यावर काय उरतं, आणि ते कशामुळे उरतं' हे मात्र आपण कधी शिकवतच नाही. ते शिकवायला याहून सोयीचं साधन माझ्या पाहण्यात नाही.

अ‍ॅप कोणतं, आणि डबा कसला

पाककृतींसाठी स्वतःच्या यंत्रावर चालवता येणारी फुकट आणि खुली अ‍ॅप्स बरीच आहेत. 'मीली' आणि 'तंदूर' ही त्यांतली दोन नावाजलेली. दोन्हींत पाककृती लिहिता येते, फोटो लावता येतो, आठवड्याचा बेत आखता येतो, बाजाराची यादी करता येते. शाळेसाठी मी मीली सुचवेन. कारण साधं आहे. तंदूरची नेहमीची मांडणी पोस्टग्रेस नावाचा वेगळा डेटाबेस मागते, मीलीचं काम एसक्यूलाइटच्या एका फाइलवर भागतं. सुरुवातीला एकच गोष्ट सांभाळायची असली तर बरं.

आता कंटेनर. न्हावाशेवाला १९८९ साली बंदर सुरू झालं, तेव्हापासून पनवेल-उरणच्या रस्त्यांवरून जाणारे ते लांबलचक लोखंडी डबे आपल्या ओळखीचे आहेत. डब्यात कापूस आहे की यंत्रांचे भाग, याच्याशी क्रेनला देणंघेणं नसतं. डब्याचं माप ठरलेलं, कोपऱ्यावरची पकड ठरलेली, मग तो जहाजावर ठेवा, रेल्वेवर ठेवा, ट्रेलरवर ठेवा. सॉफ्टवेअरमध्येही हीच युक्ती वापरली. अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात बंद करायचं, म्हणजे ते कोणत्याही यंत्रावर सारखंच चालेल. २०१३ साली डॉकर आलं आणि ही पद्धत सर्वांच्या हातात पोहोचली.

डबे वाढले की ते कोणत्या यंत्रावर ठेवायचे, एखादा बंद पडला तर दुसरा कोणी लावायचा, हे पाहणारं कोणीतरी हवं. ते काम कुबरनेटीस करतं. गूगलने ते २०१४ साली खुलं केलं. नाव ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोकणच्या मुलांना 'तांडेल' म्हटलं की झटकन कळतं. जुन्या संगणकांसाठी त्याचंच एक हलकं रूप आहे, के-थ्री-एस. मुख्य यंत्राला साधारण २ जीबी मेमरी आणि त्यावर लिनक्स असलं की ते चालतं. डबे ज्या सगळ्यात लहान गठ्ठ्यात चालतात त्याला पॉड म्हणतात, म्हणजे शेंग. शेंगेत एक दाणा असेल किंवा दोन-तीन. आपल्या अ‍ॅपच्या शेंगेत एकच दाणा.

खरी पाककृती ती फाइल

कुबरनेटीसला "हे कर, मग ते कर" असं सांगत बसायचं नसतं. एका साध्या मजकुराच्या फाइलीत आपल्याला शेवटी काय हवं ते लिहायचं. मीलीची एक शेंग चालू हवी, तिला ९००० क्रमांकाच्या दारातून भेटता यावं, तिला एवढी साठवणीची जागा मिळावी. या फाइलींच्या लिहिण्याच्या पद्धतीला याम्ल म्हणतात. फाइल दिली की तांडेल कामाला लागतो आणि लिहिलंय तसं आहे ना, हे सतत पाहत राहतो.

आपल्याकडच्या बायका कागदावर पाककृती लिहितात तिच्यात कृती असते, 'फोडणी करा, मग कांदा घाला.' या फाइलीत नुसतं ताट वर्णन केलेलं असतं, डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, मध्ये वरणभात. कसं वाढायचं ते वाढप्याने पाहायचं. मुलांना हा फरक समजावून सांगायला वर्गात एक तास द्यावा, वाया जाणार नाही. मराठीच्या तासालाही देता येईल खरं तर. आज्ञार्थ आणि वर्णन यांतला फरक शिकवायला वेगळं उदाहरण कशाला शोधायचं?

आणि बदलीचा प्रश्न सुटतो तो इथे. सगळी मांडणी फाइलींत लिहिलेली असेल तर नवे शिक्षक आले, नवे संगणक आले, तरी त्याच फाइली देऊन तेच अ‍ॅप पुन्हा उभं राहतं. सरांच्या डोक्यातलं कागदावर आलं. फाइलीत प्रत्येक ओळीखाली मुलांकडून मराठीत टीप लिहून घ्या, 'ही ओळ का आहे.' ओळीच्या आधी चौकटीचं चिन्ह टाकलं की यंत्र ती टीप वाचत नाही, माणूस वाचतो.

आता मोडून पाहू

माझ्या मते प्रकल्पाचा जीव या भागात आहे आणि नेमका हाच भाग वेळ नाही म्हणून गाळला जातो. तो गाळणार असाल तर प्रकल्पच करू नका, तयार अ‍ॅप वापरा.

पहिला प्रयोग. साठवणीची जागा न देता अ‍ॅप चालू करायचं. मुलांनी चार पाककृती टाकायच्या, फोटोसकट. मग सगळ्यांसमोर ती शेंग पुसून टाकायची. काही क्षणांत तांडेल नवी शेंग उभी करतो. मुलं टाळ्या वाजवतात. मग कोणीतरी पान उघडतं आणि पाककृती नसतात. अ‍ॅप परत आलं, आत काही नाही. डबा नवा आला, जुन्या डब्यात लिहिलेलं जुन्या डब्यासोबत गेलं.

दुसऱ्यांदा तेच करायचं, पण मीली आपली फाइल ज्या फोल्डरमध्ये लिहितं ते फोल्डर बाहेरच्या कायम साठवणीला जोडून. शेंग पुसा, दहा वेळा पुसा, पाककृती जागेवर. स्वयंपाकी बदलला, वही तीच राहिली. अ‍ॅप वेगळं आणि माहिती वेगळी, हे वाक्य फळ्यावर लिहून कोणाला कळत नाही. स्वतः टाकलेली आईची भरली वांगी नाहीशी झालेली पाहिली की कळतं.

इथे थांबलात तर मुलं एक चुकीचा समज घेऊन घरी जातील. त्यांना वाटेल, क्लस्टर आहे, तीन यंत्रं आहेत, म्हणजे माहिती तीन ठिकाणी आहे. तसं नाही! के-थ्री-एस आपण होऊन जी साठवण देतं ती एकाच यंत्राच्या डिस्कवरची असते. म्हणून तिसरा प्रयोग. ज्या यंत्रावर अ‍ॅप चालू आहे त्याची वायर काढायची. मात्र सगळ्यांचं नियंत्रण करणारं मुख्य यंत्र चालू ठेवा. काही वेळाने तांडेलाला कळतं की ते यंत्र गेलं. नेहमीच्या मांडणीत तो आणखी पाच मिनिटं वाट पाहतो आणि मग नवी शेंग लावायला घेतो. पण शेंग लागत नाही, अडकून राहते. तिची वही ज्या डिस्कवर आहे ते यंत्रच बंद आहे. 'तीन यंत्रं' आणि 'तीन प्रती' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पाच मिनिटांच्या शांततेत जेवढं उतरतं तेवढं व्याख्यानाने नाही.

एखादा चुणचुणीत मुलगा विचारणारच, "मॅडम, शेंगांचा आकडा १ आहे तो ३ करू या की!" करू नका, पण का नाही ते सांगा. तिन्ही शेंगा एकाच एसक्यूलाइट फाइलीत लिहू पाहतील. अशा फाइलीत एका वेळी एकालाच लिहिता येतं. त्यातून ती फाइल नेटवर्कवरच्या साठवणीत असेल तर बिघडायचीही भीती असते, हा इशारा एसक्यूलाइटच्या कर्त्यांनीच दिलेला आहे. आमटीच्या एका पातेल्याला तीन जणी, प्रत्येकीला वाटतं मीठ घालायचं राहिलंय. लग्नघरात हे पाहिलेलं नाही असं कोण आहे?

आणि एक छोटी पण गावाकडच्या शाळेला भारी पडणारी गोष्ट. फाइलीत अ‍ॅपच्या डब्याची आवृत्ती लिहिताना बरेच जण 'लेटेस्ट' लिहितात. तसं लिहिलं की शेंग सुरू होताना दर वेळी तांडेल इंटरनेटवर जाऊन विचारतो, नवं काही आलंय का. रात्री वीज गेली, सकाळी आली, पण नेट आलं नाही, तर डबा यंत्रात असूनही अ‍ॅप उठत नाही. आवृत्तीचा आकडा स्पष्ट लिहावा. मग एकदा डबा उतरवून घेतला की शाळेतल्या शाळेत ते इंटरनेटशिवाय चालतं.

आता राहिली खरी प्रत, म्हणजे बॅकअप. मीलीमध्ये बॅकअप घेण्याची सोय आहे, सगळं एका झिप फाइलीत बांधून मिळतं. ती फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या यंत्रावर कोरं अ‍ॅप उभं करून तीतून पाककृती परत आणून पाहायच्या. परत आणून पाहण्याची पाळी मुलांना लावून द्या, जशी फळा पुसायची असते. के-थ्री-एसच्या नेहमीच्या मांडणीत साठवणीची मागणीच पुसली तर आतली माहितीही पुसली जाते, त्यामुळे पेन ड्राइव्हवरची प्रत हाताशी नसताना प्रयोग करू नयेत.

मराठी स्वयंपाकघर आणि अ‍ॅपची अडचण

ही अ‍ॅप्स आपल्यासाठी बनलेली नाहीत, हे आधीच मान्य करू. एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता दिला की पाककृती आपोआप ओढून घेण्याची सोय मीलीत आहे, पण ती चालते मुख्यतः त्या पानात पाककृती ठराविक साच्यात मांडलेली असेल तेव्हा. मराठीतली कित्येक पानं नुसता सलग मजकूर असतात. आणि वहीतला मजकूर तर हातानेच टाइप करावा लागणार. साहित्याची ओळ फोडून आकडा, माप आणि जिन्नस वेगळे करणारी सोय इंग्रजीवर घडवलेली आहे. 'दीड वाटी चण्याची डाळ' तिला उमगेल अशी आशा ठेवू नका. पण वाटी, चमचा, चिमूट, मूठ ही मापं आपली आपल्याला नोंदवता येतात, आणि प्रमाण वेगळ्या रकान्यात भरता येतं.

ही अडचण मला शिकवण्याच्या दृष्टीने सोय वाटते. मुलांना घरी जाऊन विचारावं लागतं, "आजी, तुझी वाटी केवढी?" कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि घराघरांत गेलं, त्याचं एक कारण त्यातली वाटी-चमच्याची मापं असं मला वाटतं. गृहिणीला तराजू काढायची गरज नव्हती. पण प्रत्येक घरची वाटी वेगळी. मुलांनी घरची वाटी आणून तिच्यात पाणी भरून मोजायचं, किती मिलिलिटर. विज्ञानाचा तास, गणिताचा तास, आणि आजीशी बोलणं, एका वाटीत.

गणिताचंच निघालं म्हणून सांगते. शालेय पोषण आहाराचं केंद्राने ठरवलेलं रोजचं प्रमाण आपल्याला पाठ असतं. पहिली ते पाचवीला मुलामागे धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि ७.५. पाककृतीचं अ‍ॅप माणसांचा आकडा बदलला की साहित्य गुणून देतं. आता शाळेत लहान गटात ८० आणि मोठ्या गटात ६० मुलं आहेत. खिचडीची पाककृती लहान गटाच्या मापाने लिहिली आहे. अ‍ॅपला १४० सांगायचं? नाही. मोठ्यांचं सगळं प्रमाण बरोबर दीडपट आहे, म्हणजे मोठी ६० मुलं लहान ९० मुलांएवढी. अ‍ॅपला सांगायचं १७०. तांदूळ १७ किलो, डाळ ३ किलो ४०० ग्रॅम, भाजी साडेआठ किलो, तेल ८५० ग्रॅम. हे गणित सुटलं की खिचडी शिजवणाऱ्या ताईंना वर्गात बोलवा आणि विचारा, मीठ आणि हळदही असंच गुणायचं का, आणि शिजायला वेळही एकशे सत्तर पट लागतो का. मुलं हसतील, आणि यंत्राचा गुणाकार कुठे थांबतो ते त्यांना ताईंकडून कळेल.

आक्षेप

एका पालकांनी मला स्पष्टच विचारलं होतं, "चार पाककृतींसाठी एवढा खटाटोप? वही पुरे की." त्यांचं बरोबर आहे. घरी पाककृती ठेवायच्या असतील तर क्लस्टर नकोच. एक जुना लॅपटॉप, त्यावर एक डबा आणि आठवड्याला एक बॅकअप एवढं पुष्कळ झालं. कित्येक घरांना तेही नको, चांगली जाड वही आणि तिच्या दोन झेरॉक्स प्रती पुरतात. घरच्या वापरासाठी क्लस्टर म्हणजे दोन माणसांच्या चहाला लग्नाचं पातेलं. हे मी वर्गातही सांगेन. मुलांना हेही कळायला हवं की मोठं साधन हाताशी आहे म्हणून ते वापरायचं नसतं. शाळेत ते वापरायचं ते मोडून पाहता यावं म्हणून.

पाककृतीच का, हा दुसरा प्रश्न. शाळेची पटनोंदणी किंवा गुणपत्रकं घ्या की, जास्त उपयोगी. नको! या प्रयोगात गोष्टी मुद्दाम पुसल्या जाणार आहेत, आणि मुलांची माहिती ही प्रयोगाची वस्तू नव्हे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची ठरवली आहे, ते बरंच आहे. पाककृती हरवली तर जीव हळहळतो, पण कोणाचं नुकसान होत नाही. शिकायला एवढीच हळहळ पुरेशी असते. अट एक, मूळ वही किंवा तिचे फोटो घरी राहिले पाहिजेत.

पासवर्डबद्दल दोन शब्द. मीली पहिल्यांदा उघडतं तेव्हा प्रवेशाचा पत्ता आणि पासवर्ड सगळ्या जगाला माहीत असलेला असतो, त्यांच्याच कागदपत्रांत छापलेला. त्या पत्त्यातच 'चेंज मी' लिहिलंय, तरी लोक बदलत नाहीत. पहिल्याच दिवशी बदलायचा आणि नवा पासवर्ड पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवायचा. कुबरनेटीसमध्ये 'सीक्रेट' नावाची सोय आहे, पण नेहमीच्या मांडणीत तिथली गुपितं कुलूपबंद नसतात, फक्त वेगळ्या लिपीत लिहिलेली असतात. जाणकाराला ती क्षणात वाचता येतात. म्हणून असल्या फाइली इंटरनेटवर चढवू नका, आणि हे अ‍ॅप शाळेच्या नेटवर्कबाहेर उघडू नका.

सुरुवात करायचीच असेल तर दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांना एवढंच काम द्या. फराळ चालू असताना घरातल्या एका मोठ्या माणसाशेजारी बसायचं, एक पदार्थ निवडायचा, 'अंदाजाने' हा शब्द आला की थांबवून वाटी-चमच्याने मोजायचं आणि वहीत लिहायचं. अनारसे निवडू नयेत असं आपलं मला वाटतं, तांदूळ तीन दिवस भिजत घालावे लागतात आणि मुलांचा धीर सुटतो. चकलीची भाजणी बरी. संगणकाचं पुढचं काम दुसऱ्या सत्रात, तोवर लिनक्स घातलेले दोन जुने संगणक तयार ठेवा.